मदत हवी आहे: क्लेमेंटच्या पत्रातला ५४वा अध्याय कसा समजावा?

नमस्कार मंडळी. आमच्या चर्चच्या अभ्यासवर्गात पुढच्या रविवारी मला क्लेमेंटचं (परंपरेनुसार रोमचा एक सुरुवातीचा बिशप) पहिलं पत्र मांडायचं आहे. रोमच्या ख्रिस्ती मंडळीने ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीला साधारण इ. स. ९६ च्या सुमारास पाठवलेलं, ६५ अध्यायांचं. (पत्रात क्लेमेंटचं नाव कुठेच नाही, परंपरेने ते त्याचं मानतात.)

करिंथकरांनी निर्दोष सेवा केलेल्या काही वडिलांना (म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यांना) पदावरून काढलं होतं. हेव्याने काय होतं हे सांगायला पत्र काइन-हाबेलापासून सुरुवात करतं. ४७व्या अध्यायात तर पौलाने करिंथकरांना लिहिलेलंच पत्र हातात घ्या म्हणतं: तेव्हाही तुम्ही पौल, केफा (पेत्र), अपुल्लोस असे तट पाडले होते, पण निदान ते नावाजलेले प्रेषित आणि त्यांनी पारखलेला माणूस तरी होते! हे वाचताना मला फार वाईट वाटलं. सुमारे चाळीस वर्षांनी पुन्हा तीच मंडळी, तेच भांडण.

अडलंय ते ५४व्या अध्यायात. तुमच्यात कोण थोर मनाचा आहे, त्याने म्हणावं की माझ्यामुळे फूट पडत असेल तर मी निघून जातो. हे बंड करणाऱ्यांना उद्देशून आहे, असं मला वाटतं. पण वर्गात कुणी विचारलं, की मग अन्याय झालेल्यानेही एकीसाठी गप्प राहून बाहेर पडावं का, तर काय उत्तर देऊ? ४४वा अध्याय अशा वडिलांना काढणं हे लहान पाप नाही असं स्पष्ट म्हणतो. दोन्ही अध्याय एकत्र कसे शिकवायचे?

कुणी हे शिकवलं असेल तर कृपया सांगा. मराठी अनुवाद ठाऊक असल्यास तोही कळवा.