मदत हवी आहे: वाड्याचं जुनं सागवान नव्या घरात वापरता येईल का?

नमस्कार मंडळी. पुण्यात पेठेतला आमचा वाडा उतरवून तिथेच दोन मजली घर बांधायचं ठरलंय. कंत्राटदार म्हणतो, लाकूड वखारीत देऊन टाका. पण कडीपाटाच्या (लाकडी तुळया-फळ्यांच्या छताच्या) सागवानी तुळया बघून मन होत नाही; त्याच नव्या घराच्या मजल्याला वापराव्यात असं वाटतं. वरचा ऑइलपेंट खरवडला की आतला तेलकट, तपकिरी गाभा अजून ठणठणीत दिसतो. वाळवी लागलीय ती भिंतीत गाडलेल्या टोकांनाच, जिथे ओल मुरते.

लाकडी बांधकाम काही कालबाह्य नाही: नॉर्वेत २०१९ मध्ये १८ मजली लाकडी इमारत उभी राहिली. आपल्याकडे केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने आपल्या कामांत लाकूड वापरण्यावरची १९९३ पासूनची बंदी २०२० मध्ये उठवली. झाडाने शोषलेला कार्बन तुळईतच राहतो. शिवाय तेवढं सिमेंट-स्टील वाचतं. जाड तुळई आगीत बाहेरून कोळसते आणि तोच थर आतल्या गाभ्याला काही काळ वाचवतो, हेही आमच्या इंजिनिअरना सांगून झालं. त्यांचं एकच पालुपद: "आरसीसी (सळई-काँक्रीट) करा, मोकळे व्हा." (फर्निचर करा म्हणणारे नातेवाईक वेगळेच!)

तर, जुन्या लाकडाची ताकद तपासून सही-शिक्क्यानिशी डिझाइन देणारा स्ट्रक्चरल इंजिनिअर कुणाच्या माहितीत आहे का? किडलेली टोकं कापून तिथे लोखंडी शू (तुळईचं टोक धरणारा खोबणीसारखा आधार) बसवलाय कुणी? महापालिकेच्या मंजुरीत आणि गृहकर्जात लाकडी मजल्यामुळे अडचण आली का? अनुभव असेल तर खर्चासकट लिहा. पावसाळ्याआधी वाडा उतरवायचाय.