शुगरवर हळद: गोळीच्या आधी की गोळीसोबत?

हळदवाला_सांगली:
आपल्या सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण शुगरसाठी तिचं नाव काढलं की दवाखान्यात नुसतं हसतात. थायलंडमध्ये मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या २४० जणांवर प्रयोग झाला, २०१२ साली छापून आला. नऊ महिने कर्क्युमिन, म्हणजे हळदीतलं मुख्य द्रव्य, घेणाऱ्यांत एकालाही मधुमेह झाला नाही. औषध नसलेल्या कॅप्सूल घेणाऱ्यांत १६.४ टक्क्यांना झाला. काय ओ, हे थोडं आहे? शुगर नुकती वाढायला लागली असेल तर आधी वनस्पती, गोळी मागाहून, असं माझं मत.

औषधवाला_मिरज:
प्रयोग खरा. पण त्यात रोज दीड ग्रॅम कर्क्युमिन दिलं होतं, अर्क काढून. हळदीत ते शेकडा तीनच्या आसपास असतं. म्हणजे रोज पन्नास ग्रॅम हळद. हे खाणं नव्हे, भंडारा उधळणं झालं! आणि एका ठिकाणच्या नऊ महिन्यांवर गोळी लांबवायची? काउंटरवर मिरी घातलेल्या हळदीच्या कॅप्सूल मागणारे येतात, त्यांची आधीच चार औषधं चालू असतात. मिरीमुळे कर्क्युमिन जास्त शोषलं जातं, तशी इतर काही औषधंही रक्तात वाढतात. ते कुणी विचारत नाही.

वाईकरीण:
मला हे भांडणच पटत नाही. मेटफॉर्मिनचं, म्हणजे शुगरच्या नेहमीच्या गोळीचं, मूळ गॅलेगा नावाच्या युरोपातल्या झाडात आहे. त्यातलं गॅलेजिन साखर उतरवायचं, पण विषारी. त्याच्याशी नातं सांगणारी रसायनं तपासत माणसं मेटफॉर्मिनपर्यंत पोचली आणि १९५७ साली फ्रान्समध्ये झां स्टर्न यांनी रुग्णांवरचे निष्कर्ष छापले. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतलं फ्लोरिझिन १८३५ सालचं. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या आजच्या ग्लिफ्लोझिन गोळ्या त्याच वाटेने आल्या. झाडपाल्याला कोण नाही म्हणतंय? मात्रा मोजलेली हवी, एवढंच.

हळदवाला_सांगली:
मग माझंच म्हणणं झालं की! आणि मेथी? गुडमार?

औषधवाला_मिरज:
मेथी खुशाल खा. तिच्यातल्या चिकट तंतूमुळे जेवणानंतरची साखर सावकाश चढते. गुडमारचं पान चावलं की साखर वाळूसारखी लागते, आणि लोकांना वाटतं रक्तातलीही गेली. गोळीसोबत यातलं काही घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. साखर फार खाली गेली की घाम फुटतो, हातपाय थरथरतात, कधी शुद्ध हरपते.

ऊसपट्टा:
भारतातल्याच २००६ सालच्या अभ्यासात चालणं आणि आहार बदलणं याने मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिनने २६.४. चालायला कॅप्सूल लागत नाही. (आमच्याकडे चहात साखर कमी करा म्हटलं तर पाहुणे रुसतात, ती गोष्ट वेगळी.)

हळदवाला_सांगली:
बरं, चालू गोळी बंद करा असं मी म्हणतच नाही. पण हळदीची अशी मोठी चाचणी इथं सांगलीत का होऊ नये?

औषधवाला_मिरज:
हे मात्र रास्त. घरोघरी डब्यात असलेल्या वस्तूवर कंपनी पैसा कशाला घालेल? सरकारनेच घालायला हवा.