नाट्यगृहात स्वयंसेवक कुठवर? दारापर्यंत की विंगेपर्यंत?

तलावपाळी:
हौशी नाट्यमहोत्सव किंवा एकांकिका स्पर्धा असली की ठाण्याचं गडकरी रंगायतन, घाणेकर नाट्यगृह, वाशीचं भावे नाट्यगृह, सगळीकडे बिल्ला लावलेली कॉलेजची स्वयंसेवक मुलं दारात दिसतात. त्यांना कुणी काही शिकवलेलं नसतं. माझं मत: दोन तास नीट शिकवलं तर ही मुलं अख्खं प्रेक्षागृह सांभाळतील, आणि विंगेतही, म्हणजे रंगमंचाच्या बाजूला पडद्याआड, त्यांना घ्यावं.

प्रेक्षागृहाचं काम असं. प्रयोगाच्या दीड तास आधी हजेरी. आधी आपत्कालीन दारं उघडून पाहायची. कुलूप असेल तर पहिल्या घंटेपूर्वी ते काढून घ्यायचं. बाल्कनीच्या पायऱ्यांवरची पट्टी उखडली असेल तर लगेच चिकटवायची. टॉर्चला लाल जिलेटीन (रंगीत पारदर्शक कागद), आणि उजेड कायम जमिनीवर, प्रेक्षकाच्या पावलापुढे. खुर्चीवर टॉर्च मारला की तीन रांगांचे डोळे दिपतात.

एकाच सीटवर दोघं हक्क सांगू लागले की आधी तिकिटावरची तारीख, वेळ आणि मजला पाहायचा. एक तिकीट बाल्कनीचं आणि दुसरं खालचं, नाहीतर एक दुपारचं आणि दुसरं रात्रीचं, असंच बहुतेकदा निघतं. तिथेच उभं राहून वाद घालायचा नाही, दोघांनाही लॉबीत आणायचं.

विंगेतला:
प्रेक्षागृहापुरतं मान्य. विंगेत घेण्याला माझा ठाम विरोध, आणि कारण पैशाचं आहे. रंगमंच कामगाराला नाइटप्रमाणे, म्हणजे प्रयोगामागे, पैसे मिळतात. चार मुलं फुकट मिळाली की आयोजक पुढच्या वर्षी दोन कामगार कमी बोलावतो.

शिवाय धोका. आठ फुटी फ्लॅट, म्हणजे सेटची सुटी भिंत, मागच्या ब्रेसवर (तिरक्या टेकूवर) आणि ब्रेसवरच्या वजनावर उभा असतो. नवखा मुलगा सेट उतरवताना हाताशी आलेलं वजन आधी उचलतो, आणि फ्लॅट पुढे कोसळतो. बरोबर क्रम असा: एकाने फ्लॅट दोन्ही हातांनी धरायचा, मगच दुसऱ्याने वजन काढायचं, शेवटी ब्रेस. नेताना फ्लॅट उभाच न्यायचा, पुढची कड किंचित उचलून. हे ऐकून कळतं, पण अंधारात हाताला सवय लागायला महिने जातात.

जिलेटीन:
लाइटचंही तेच. १५ अँपिअरच्या पॉइंटवर २३० व्होल्टला ३४५० वॅट मिळतात, म्हणजे हजार वॅटचे तीन लाइट. मल्टिप्लगला एक भोक रिकामं दिसलं की कुणीतरी चौथा लावतो. ब्रेकर पडला तर नशीब. नाही पडला तर प्लग आतून वितळत राहतो. हॅलोजनच्या बल्बला उघडा हात लावला तर बोटाचं तेल काचेवर राहतं, तेवढीच जागा जास्त तापते आणि बल्ब फुटतो. बदलताना कापड किंवा हातमोजा हवाच. आणि प्रत्येक लाइटला सेफ्टी चेन. खाली नट उभे असतात.

वाशीकर:
दोघांचंही पटतं, तरी एक सांगते. मुलांना विंग दाखवायचीच नाही असं ठरवलं तर उद्याचे तंत्रज्ञ येणार कुठून? भावे नाट्यगृह ज्यांच्या नावाचं आहे त्या विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत नाटक उभं केलं, तेव्हा कोण शिकलेलं होतं? सगळे करता करता शिकले.

आणि प्रेक्षागृहातली मोठी चूक कुणीच लिहिली नाही. स्वयंसेवक नाटक बघत उभा राहतो. त्याचं तोंड प्रेक्षकांकडे हवं. उशिरा आलेल्याला दोन दारांमधल्या जागेत थांबवायचं, बाहेरचं दार लावायचं, आणि नाटकातला प्रवेश बदलला की आतलं उघडायचं. दोन्ही दारं एकदम उघडली तर लॉबीचा पांढरा उजेड थेट रंगमंचावर पडतो. ब्लॅकआउटमध्ये, म्हणजे रंगमंचावर पूर्ण अंधार केलेला असताना, नट जागा बदलत असेल तर तो उघडा पडतो. ज्या क्षणासाठी महिनाभर तालीम झाली, तो असा वाया जातो.

तलावपाळी:
पैशाचा मुद्दा मी मान्य करतो. मग आयोजकाने कामगारांची संख्या आधी लिहून द्यावी, आणि मुलं त्याच्या वर जास्तीची. फुकट म्हणजे अगदी फुकटही नको. राष्ट्रीय सेवा योजनेचे वर्षाला १२० तास भरायचे असतात, त्यात हे धरता येईल, पण चहा-वडा आणि रिक्षाचे पैसे द्यायलाच हवेत. साडेआठचा प्रयोग सुटायला अकरा वाजतात. गडकरीहून स्टेशन चालत गाठता येतं, घाणेकरहून नाही. मुलींना 'जा आता' म्हणून सोडून देणं मला अजिबात मान्य नाही.

विंगेतला:
संख्या लिहून दिली तर माझा अर्धा विरोध संपला. तरी विंगेत प्रयोगाच्या रात्री नको, रंगीत तालमीला, म्हणजे सेट-वेशभूषेसकट होणाऱ्या तालमीला, या. दोघंच, बंद बूट घालून, कामगाराच्या मागे उभं राहून बघायचं. दुसऱ्या तालमीला त्याच्या सांगण्यावरून हात लावायचा. मध्यंतरात सेट बदलायला दहा मिनिटं मिळतात आणि तेवढ्या वेळात प्रत्येकाची वाट ठरलेली असते. एक अनोळखी माणूस मध्ये आला की टेबल घेऊन मागे चालणारा थेट त्याच्यावर आदळतो.

वाशीकर:
रंगीत तालीम चालेल. पण तिला स्वयंसेवकांना बोलवायचं हे आयोजकाच्या वेळापत्रकात तारखेसकट लिहा, नाहीतर नेहमीसारखं प्रयोगाच्या दिवशी सकाळी फोन जाईल.