शब्दचर्चा : ‘मुलीने पत्र लिहिले’ यात कर्ता कोण आणि तो कसा ओळखायचा?

प्रश्न

भाषाविज्ञानाच्या पहिल्या सत्रात वाक्यरचना शिकतो आहे. शाळेत ‘क्रिया करणारा तो कर्ता’ असे पाठ केले होते. आता कळते की क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलते. ‘मुलगी पत्र लिहिते’, ‘मुलगा पत्र लिहितो’ इथपर्यंत ठीक आहे. पण ‘मुलीने पत्र लिहिले’, ‘मुलीने चिठ्ठी लिहिली’, ‘मुलीने लेख लिहिला’ यांत मुलगी तीच असून क्रियापद तीन तऱ्हांनी आले. मग कर्ता कोण, मुलगी की पत्र? आणि कर्त्याला ‘उद्देश्य’ म्हटले तर चालेल का?

प्रतिसाद

कर्ता मुलगीच. भूतकाळातला हा कर्मणी प्रयोग आहे, म्हणून क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. कर्मालाही प्रत्यय लागला की ते कुणाचेच ऐकत नाही: ‘मुलीने भावाला बोलावले’, ‘मुलीने बहिणींना बोलावले’. हा भावे प्रयोग. परीक्षेत एवढे लिहिले तरी पुरते.

प्रतिसाद

परीक्षेत पुरेल, पण विचारणाऱ्याची अडचण तशीच राहते. प्रयोगाचे नाव सांगायच्या आधीच ‘मुलगी कर्ता आहे’ असे आपण धरून चाललो. ते कशावरून धरले?

अर्थावरून म्हणावे तर ती व्याख्या फार लांब जात नाही. ‘दार उघडले’ यात दार काय करते? ‘मुलीला चित्र आवडले’ यात मुलगी कोणती क्रिया करते? कर्ता हे वाक्यातले एक स्थान आहे, आणि ते स्थान वाक्याच्या वागण्यावरून शोधावे लागते. मराठीत त्यासाठी दोन चांगल्या कसोट्या हाताशी आहेत.

पहिली ‘-ऊन’ची. ‘शिक्षकांनी वर्गात येऊन मुलाला हाक मारली.’ वर्गात कोण आले? शिक्षक. मुलगा आला असा अर्थ ओढूनताणूनही निघत नाही. ‘-ऊन’ने जोडलेली क्रिया मुख्य क्रियापदाच्या कर्त्याकडे जाते. आता ‘मुलीने घरी येऊन पत्र लिहिले’ घ्या. घरी आली ती मुलगी. क्रियापद ‘पत्रा’शी जुळले असले तरी ‘येऊन’ मुलीकडेच गेले.

दुसरी ‘आपला’ची. ‘आईने मुलीला आपल्या खोलीत नेले’ यात खोली आईची. ‘आपला’ सहसा कर्त्याकडे बोट दाखवतो. मग ‘मुलीला आपले घर आवडते’ हे वाक्य पाहा. घर मुलीचेच, पण ‘मुलीला’ या शब्दाला तर ‘ला’ लागला आहे आणि ‘आवडते’ हे क्रियापद ‘घरा’शी जुळते आहे! ‘घरी येऊन मुलीला बरे वाटले’ यातही ‘येऊन’ मुलीकडेच जाते. म्हणजे प्रत्यय ‘ला’चा असूनही हे पद कर्त्यासारखे वागते. अशा वाक्यांत कर्त्याची लक्षणे दोन पदांत वाटली गेलेली असतात. प्राथमिक वर्गात हे जितक्या लवकर दाखवावे तितके बरे, कारण ‘प्रथमा म्हणजे कर्ता’ हे समीकरण एकदा डोक्यात बसले की हटता हटत नाही.

विभक्ती (शब्दाचे प्रत्ययानुसार होणारे रूप) वेगळी आणि कारक (शब्दाचे क्रियेशी असलेले नाते) वेगळे हा भेद आपल्याकडे जुना आहे. पाणिनीने कर्त्याची व्याख्या ‘स्वतन्त्रः कर्ता’ अशी केली, त्यात विभक्तीचे नावही नाही. कर्त्याला तृतीया केव्हा लागते हे सांगायला त्याने निराळे सूत्र केले. मराठी वाक्याचे मूळही तिथेच सापडते. संस्कृतात ‘तेन पत्रं लिखितम्’ म्हणताना ‘लिखितम्’ हे कर्मणी धातुसाधित पत्राच्या लिंगवचनाने चालते. आपले ‘त्याने पत्र लिहिले’ त्याच घडणीतून आले. ‘लिहिते’ ती घडण घेत नाही, म्हणून वर्तमानकाळात हा गुंता होत नाही.

आता ‘उद्देश्य’. शालेय वाक्यपृथक्करणात वाक्याचे उद्देश्य आणि विधेय असे दोन भाग पाडतात, आणि उद्देश्यात कर्ता व त्याचा विस्तार येतो. तिथे हे शब्द जवळ जवळ येतात. पण ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे ते उद्देश्य, असा अर्थ घेतलात तर ‘पत्र मुलीने लिहिले, लेख मुलाने’ यात बोलणे पत्राविषयी आहे आणि कर्ता मुलगी आहे. मी हे दोन शब्द वेगळे ठेवीन.

प्रश्न

‘-ऊन’ची कसोटी दहा-बारा वाक्यांना लावून पाहिली, चालते. आणखी एक विचारतो. ‘धाकट्या मावशीच्या मुलीने पत्र लिहिले’ यात कर्ता फक्त ‘मुलीने’ की आधीचे शब्दही?

प्रतिसाद

आधीचे शब्दही. त्या सगळ्यांचा मिळून एक पदबंध होतो. ताळा करायला त्याच्या जागी एकच सर्वनाम ठेवून बघा: ‘तिने पत्र लिहिले’. ‘धाकट्या मावशीच्या मुलीने’ एवढे सगळे ‘तिने’मध्ये मावले. हलवायचा झाला तर तो अख्खा हलतो: ‘पत्र धाकट्या मावशीच्या मुलीने लिहिले’. ‘धाकट्या पत्र मावशीच्या मुलीने लिहिले’ असे कुणी म्हणणार नाही. मराठीत शब्दांचा क्रम मोकळा असतो असे सर्रास लिहिले जाते, पण मोकळे असतात ते पदबंध. पदबंधाच्या आतले शब्द बऱ्यापैकी जखडलेले असतात.

तुमचे वाक्य मोलाचे आहे, कारण त्याचे अर्थ दोन होतात. धाकटी कोण, मावशी की मुलगी? [धाकट्या मावशीच्या] मुलीने, किंवा धाकट्या [मावशीच्या मुलीने]. शब्द तेच, क्रम तोच, बांधणी दोन तऱ्हांची. वाक्य म्हणजे शब्दांची नुसती ओळ नाही, याचा याहून स्वच्छ पुरावा शोधायची गरज नाही. आता ‘ने’ काढून बघा: ‘धाकट्या मावशीची मुलगी आली’. संदिग्धता गेली, धाकटी मावशीच. मुलगी धाकटी असती तर ‘मावशीची धाकटी मुलगी’ म्हटले असते. पुढे ‘ने’ आला की ‘धाकटी’चेही ‘धाकट्या’ होते, आणि दोन्ही बांधण्या कानाला सारख्याच लागतात.

प्रतिसाद

क्रमाबद्दल एक पुरवणी. ‘लाल चेंडू पांढरा चेंडू ढकलतो’ यात दोन्ही नामे पुल्लिंगी एकवचनी, प्रत्यय कशालाच नाही. इथे कोण कुणाला ढकलतो ते केवळ क्रमावरून कळते. ‘पांढऱ्या चेंडूला’ म्हटले की क्रम पुन्हा मोकळा.

आणि द्वितीय पुरुष चर्चेत आलाच नाही. ‘तू पत्र लिहिलेस’, ‘तू चिठ्ठी लिहिलीस’, ‘तू लेख लिहिलास’. ‘लिहिलीस’ फोडून बघा: ‘ली’ चिठ्ठीशी जुळते, शेवटचा ‘स’ ‘तू’शी. एकच क्रियापद एकाच वेळी कर्म आणि कर्ता दोघांचीही खूण अंगावर वागवते. मराठी व्याकरणात याला कर्तृकर्मसंकर म्हणतात. पहिल्या प्रश्नातला ‘मुलगी की पत्र’ हा पेच इथे एका शब्दात दिसतो.

प्रश्न

मग ‘ती नाव विसरली’ याचे काय? भूतकाळ आहे, कर्म आहे, तरी ‘तिने’ आले नाही.

प्रतिसाद

विसरणे, शिकणे, पिणे अशी मोजकी सकर्मक क्रियापदे भूतकाळातही कर्तरीच राहतात, म्हणजे कर्त्याप्रमाणेच चालतात: ‘ती धडा शिकली’, ‘ती पाणी प्यायली’. ही वेगळी लक्षात ठेवावी लागतात. ‘-ऊन’ची कसोटी त्यांनाही तशीच लागू होते: ‘घरी येऊन ती नाव विसरली’.