काइटबोर्डिंगच्या दीर्घ सहलीचे शेवटचे दिवस: पाण्यात उतरावे की सामान वाळवावे?

खारावारा (प्रश्न)

काइटबोर्डिंगसाठी (काइट म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने फळीवर उभे राहून पाण्यावरून जाण्याचा खेळ) काढलेली माझी दीर्घ सहल आता संपत आली आहे. रविवारी सकाळी परतीचे विमान आहे आणि संपूर्ण सहलीत मिळाला नाही इतका चांगला वारा नेमका शनिवारी दुपारी येणार, असे अंदाज दाखवत आहेत: २० ते २२ नॉट, किनाऱ्याला तिरका आणि बऱ्यापैकी एकसारखा. शरीर मात्र थकले आहे. तळहातांचे घट्टे सोलवटले आहेत, हार्नेस (काइटची ओढ अंगावर पेलणारा पट्टा) बरगड्यांखाली जिथे घासतो तिथली कातडी हुळहुळते आणि सकाळी उठल्यावर मुठी नीट वळत नाहीत. तरीही पाण्यापासून दूर राहवत नाही, कारण न घसरता अपविंड (वारा येतो त्या बाजूकडे) जाणे आणि बॅक रोल (उडीत मागे घेतलेली गिरकी) या दोन गोष्टी आत्ता कुठे जमू लागल्या आहेत आणि घराजवळ काइट उडवण्याजोगे पाणी नसल्याने पुढची संधी केव्हा मिळेल हे सांगता येत नाही.

शनिवारी पाण्यात उतरावे, की शुक्रवारीच थांबून सगळे सामान धुऊन वाळवावे? माझ्याकडे ९ आणि १२ चौरस मीटरचे दोन काइट आहेत.

दोरखंड

हा निर्णय वाऱ्याकडे पाहून नव्हे, तर विमानाच्या वेळेपासून उलटे मोजत घ्यावा, असे माझे मत आहे. मीठ हवेतला ओलावा शोषून घेते. त्यामुळे समुद्राच्या पाण्यात भिजलेले कापड हाताला कोरडे लागले तरी गुंडाळून ठेवल्यावर पुन्हा दमट होते, आणि तसाच बॅगेत राहिलेल्या काइटवर बुरशीचे काळे ठिपके पडतात, जे पुढे कितीही धुतले तरी सहसा जात नाहीत. तेव्हा गोड्या पाण्याने धुणे आणि पूर्ण वाळवणे या दोन्हींसाठी वेळ हाताशी असेल, तरच शेवटच्या दिवशी काइट भिजवावा.

धुताना काइट फुगवलेलाच ठेवा आणि वॉल्व्ह घट्ट बंद आहेत ना हे आधी पाहा, म्हणजे पाणी ब्लॅडरमध्ये (आतल्या हवेच्या फुग्यांमध्ये) शिरणार नाही. स्ट्रट (काइटला ताठ ठेवणाऱ्या फुगीर नळ्या) आणि कापड जिथे जुळतात त्या शिवणीच्या खाचेत ओली वाळू हटकून साचते. ती तिथेच राहिली, तर घडी घातल्यावर कापडावर घासत राहते, म्हणून तिथे पाण्याची धार थोडा वेळ धरावी. मग काइट सावलीत, वारा लागेल असा बांधून ठेवावा. घाई म्हणून तो रणरणत्या उन्हात पसरू नये, कारण अतिनील किरणांनी कापड विरते आणि उष्णतेने वॉल्व्हभोवतीचा गोंद सैल पडू शकतो.

बारकडे (काइटच्या दोऱ्या जोडलेल्या, हातात धरायच्या दांड्याकडे) लोक सहसा दुर्लक्ष करतात. माझ्या मते काइटइतकीच काळजी त्याचीही घ्यायला हवी. तो बादलीभर गोड्या पाण्यात बुडवून ठेवा आणि पाण्यातच क्विक रिलीज (संकटात काइटची ओढ झटक्यात सोडवणारी कळ) अनेकदा उघडून बंद करा, म्हणजे आत अडकलेले वाळूचे कण निघून येतील. डेपॉवरची (काइटची ओढ कमी-जास्त करणारी) दोरी बारच्या मधल्या छिद्रातून जिथे सरकते, तिथे तिच्यावरून नख फिरवून पाहा. तंतू फुलून आलेले दिसले, तर ती दोरी बदलण्याची वेळ जवळ आली आहे. ही तपासणी घरी गेल्यावर करू म्हटले की राहून जाते, म्हणून ती तिथेच करावी.

उत्तरवारा

वरील प्रतिसाद सामानापुरता अगदी योग्य आहे, परंतु मला शरीराची काळजी अधिक वाटते. सहलीच्या अखेरीस होणाऱ्या दुखापतींमागे बहुधा दोन गोष्टी एकत्र आलेल्या असतात: साठत गेलेला थकवा आणि ‘ही शेवटची संधी’ ही भावना. हाताची पकड ढिली झालेली असताना क्विक रिलीज खेचायला लागणारा एखादा क्षणही महागात पडतो.

वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे येथे मुद्दाम सांगावेसे वाटते. वारा १५ नॉटवरून २० नॉटवर गेला, तर वेग एक-तृतीयांशानेच वाढलेला असतो, पण काइटची ओढ पावणेदोन पटींच्या पुढे जाते. त्यामुळे ताजेतवाने असताना १२ चा काइट ज्या वाऱ्यात पेलवला, त्याच वाऱ्यात आता ९ चा लावणे शहाणपणाचे ठरेल. शनिवारी २० च्या पुढे वारा असेल, तर १२ चा विचारही करू नये.

आणखी एक गोष्ट. आज दिसणारा शनिवारचा आकडा अजून पक्का धरू नका. जीएफएस हे हवामान अंदाजाचे संगणकीय प्रारूप दर सहा तासांनी नव्याने चालवले जाते आणि त्याच्या जाळीतले बिंदू सुमारे १३ किलोमीटर अंतरावर असल्यामुळे, जमीन तापल्यावर दुपारी उठणारा स्थानिक वारा त्यात नीट उमटेलच असे नाही. वारा किनाऱ्याकडून समुद्राकडे वळलेला दिसला, तर सुटका-नौका नसताना उतरूच नये, मग तो शेवटचा दिवस का असेना.

माझा सल्ला असा, की १२ चा काइट शुक्रवारीच धुऊन, वाळवून, बांधून टाका आणि शनिवारी फक्त ९ चा घेऊन, दुपारी वारा स्थिरावताच, थोड्याच वेळासाठी उतरा. नवे काही शिकू नका. जे जमले आहे तेच नीट करा. बॅक रोल थकल्या अंगाने, चुकीच्या लयीत पुन्हा पुन्हा केला, तर तीच लय अंगवळणी पडते.

सामानसुमान

विमानाबद्दल थोडेसे. पंप किंवा कॅमेऱ्याच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातील सामानातच न्याव्या लागतात आणि १०० वॅट-तासांपर्यंत सहसा वेगळी परवानगी लागत नाही. बहुतेक विमान कंपन्या ३२ किलोंहून जड असा एकच नग स्वीकारत नाहीत, म्हणून बोर्डाच्या बॅगेत सगळे कोंबण्यापूर्वी ती तोलून पाहा. ओला वेटसूट अनपेक्षितपणे जड भरतो. बोर्डाच्या फिनमध्ये (तळाच्या पात्यांमध्ये) आणि पट्ट्यांमध्ये अडकलेले शेवाळ व वनस्पतींचे तुकडेही काढून टाका, कारण एका पाण्यातले जीव दुसऱ्या पाण्यात पोहोचण्याचा तो एक मार्ग आहे.

खारावारा

सर्वांचे मनापासून आभार. १२ चा काइट शुक्रवारी बांधून ठेवतो. शनिवारी ९ चा घेऊन उतरेन, मात्र चार वाजता बाहेर येईन, म्हणजे धुऊन वाळवायला सूर्यास्तापूर्वी थोडा आणि मग रात्रभर वेळ मिळेल. खोलीत पंखा आहे. रात्रीत शिवणी पूर्ण वाळल्या नाहीत, तर काय करावे?

दोरखंड

काइट आवळून न गुंडाळता सैलसर घडी घाला, शिवणींवर कोरडा टॉवेल ठेवा आणि त्याची पिशवी पूर्ण बंद करू नका. घरी पोहोचल्यावर त्याच दिवशी तो बाहेर काढून पुन्हा फुगवा आणि रात्रभर तसाच ठेवा. सकाळी लीडिंग एज (काइटची पुढची फुगीर कड) दाबून पाहा. हवा कमी झालेली आढळली, तर साबणाचे पाणी प्रथम वॉल्व्हपाशी लावा, कारण गळती बहुधा तिथूनच सुरू होते.