मालवणच्या समुद्री अभयारण्याला मच्छीमारांचा विरोध नेमका कशाला?

समुद्रवेडा_पुणे:
डिसेंबरात मालवणला स्नॉर्कलिंग केलं. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ खडपात नेलं होतं, पाण्यात तोंड घातलं तर पट्टेवाले मासे अगदी काचेला येऊन टेकतायत, पावाचा तुकडा टाकला की झुंबड (पाव टाकायचा नसतो हे नंतर कळलं, शिव्या नकोत). वर आल्यावर होडीवाल्या काकांना सहज म्हटलं, हे सगळं अभयारण्य आहे ना? तर ते असे बघायला लागले जसा काय मी होडी जप्त करायलाच आलोय. "तां नाव हय काढू नकात" एवढंच बोलले. रूमवर येऊन शोधलं तर 1987 पासून अभयारण्य जाहीर आहे, 29.122 चौरस किमी, त्यातला 3.182 चा गाभा म्हणजे किल्ला आणि पद्मगडाच्या आजूबाजूचं पाणी, म्हणजे मी पाव टाकत होतो तेच. मासे वाचले तर फायदा मच्छीमारांचाच ना? मग एवढा राग का?

दांडीकर:
आमच्या घरी तीन पिढ्या रापण आहे म्हणून लिहितो. रापण म्हणजे होडीतून अर्धगोल जाळं सोडायचं आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून पन्नास-साठ माणसांनी ओढायची, जे मिळेल त्याचे वाटे. माझो आजो म्हणायचो, कागद मुंबईत झालो आणि आमका कोणी इचारूकच नाय. लोकांना वाटतं आम्हाला मासे संपवायचेत. अरे बाबा, आता 1 जून ते 31 जुलै बंदी आहे, पण सरकारने सांगायच्या आधीपासून आमची होडी नारळीपौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय पाण्यात जात नव्हती. राग कशाचा, तर आमच्या दारातल्या पाण्यावर वनखात्याची रेघ, आणि बाहेर रात्री एलईडी दिव्यांनी मासे ओढून पर्ससीनवाले (मोठ्या बोटीवरून माशांभोवती गोल जाळं टाकून ते खालून आवळणारे) बांगड्याचा अख्खा थवाच उचलतात, परराज्यातले हायस्पीड ट्रॉलर जाळी फाडून जातात. पर्ससीनवर 2016 ला निर्बंध आले, एलईडीवर 2017 ला केंद्राची बंदी, 2021 ला कायदा बदलून दंड लाखांत नेले. कागद भरपूर झाले हो, गस्तीची बोट दिसूक होयी.

कालवं_आणि_कविता:
मी समुद्री जीवशास्त्र शिकलेय त्यामुळे दुसऱ्या बाजूने. दांडीकर म्हणतात ते खोटं नाही, पण इथे दोन वेगळे मासे एकाच टोपलीत पडलेत. बांगडा, तारली हे फिरस्ते, आज इथे तर उद्या गोव्याला, त्यांना 29 चौरस किमीची रेघ काय उपयोगाची. पण गोबरा घ्या. तो खडपातलं आपलं बीळ सोडत नाही आणि त्यातले बरेचसे आधी मादी असतात, मोठे झाल्यावर नर होतात. म्हणजे मोठे गोबरे सगळे पकडले की नरच संपले, पुढची पिल्लं कुठून येणार? अशा माशाला छोटासा राखीव तुकडासुद्धा पुरतो. म्हणून गाभा हवाच असं माझं ठाम मत आहे. फक्त रापणीचं पोट बांगड्या-तारलीवर, ते अभयारण्याने वाचणार नाही, ते पर्ससीन आवरूनच वाचेल, आणि हे आमच्या लोकांनी किनाऱ्यावर जाऊन कधी धड सांगितलं नाही. आणखी एक, वन्यजीव कायद्याच्या 26अ कलमातच आहे की समुद्राचा भाग अभयारण्यात घेताना स्थानिक मच्छीमारांच्या धंद्याचं रक्षण आधी करायचं. ते 1991 च्या दुरुस्तीत आलं, मालवण त्याच्या आधीच जाहीर झालं होतं. दुर्दैव!

ऑकलंडचा_बाळ्या:
इकडे न्यूझीलंडमध्ये ली (Leigh) नावाच्या गावाजवळ 1975 चं समुद्री राखीव क्षेत्र आहे, साधारण 5 चौरस किमी, गुडघाभर पाण्यात मोठाले स्नॅपर पायाशी येतात. सुरुवातीला तिथेही विरोध झालेला. पण गंमत बघा, नंतर शेवंडवाले (शेवंड म्हणजे लॉबस्टर) हद्दीच्या रेघेला चिकटूनच सापळे लावायला लागले, शेवंड चरायला बाहेर आली की सापळ्यात. त्यामुळे आतली शेवंडही घटली, आता लोक म्हणतात रेघ आणखी लांब न्यायला हवी होती. म्हणजे रेघ मारून भागत नाही, रेघेबाहेर काय चाललंय ते बघावंच लागतं.

दांडीकर:
बाळ्या, ह्या लाख बोललस. कविताताई, गोबऱ्याचं पटलं, आमचे जुने लोक पण सांगायचे की मोठो गोबरो एका बिळातून काढलास तर तां बीळ लय दिवस रिकामा ऱ्हवता. गाभा ठेवा, पण राखायला आमची पोरं ठेवा, त्यांना दगड न् दगड ठाऊक आहे. पुण्यातून येऊन कोण रात्री दोन वाजता पर्ससीनच्या मागे जाणार?

समुद्रवेडा_पुणे:
आता कळतंय थोडं. एक विचारायचं राहिलं, आमच्या होडीने नांगर सरळ त्या प्रवाळावरच टाकला होता, वर ओढताना एक फांदी तुटून आली. हे चालतं का?

दांडीकर:
नाय चालत. होडी खंयच्या रंगाची होती ता सांग, नाव नको.