ॲप्टमध्ये रेकमेंड्स कायमचं बंद ठेवावं का? माझं मत: हो

घरचा_सर्व्हर
डेबियनचं (लिनक्सचं एक रूप) नवीन मशीन लावलं की माझं पहिलं काम ठरलेलं, ॲप्टच्या (पॅकेज म्हणजे सॉफ्टवेअर टाकणारं तिथलं साधन) कॉन्फ-डॉट-डी या सेटिंगच्या फोल्डरमध्ये 99 ने सुरू होणारी एक फाइल टाकायची आणि तिच्यात एकच ओळ, इन्स्टॉल-रेकमेंड्स फॉल्स. 99 एवढ्यासाठी की त्या फोल्डरातल्या फायली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात आणि शेवटी जे वाचलं जाईल ते लागू होतं.

नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगतो. पॅकेजला डिपेन्ड्स असतात म्हणजे त्याशिवाय ते चालणारच नाही, रेकमेंड्स म्हणजे सोबत असलेलं बरं, आणि सजेस्ट्स म्हणजे हवं तर घ्या. 2009 मध्ये डेबियन 5 आलं तेव्हापासून ॲप्ट हे मधलंही आपोआप टाकतं.

सवय लागली ती एमडीएडीएममुळे, म्हणजे डिस्कचं रेड बनवणाऱ्या पॅकेजमुळे. घरच्या फोटोंसाठी दोन डिस्कचं रेड 1 (दोन्हींवर तोच डेटा) करायचं होतं, इन्स्टॉल मारलं तर यादीत एक्झिम! म्हणजे अख्खा मेल सर्व्हर. मला डिस्क जोडायच्या होत्या, मेल सर्व्हर मी मागितलाच नव्हता. जे मी मागितलं नाही ते माझ्या मशीनवर सतत चालू का राहावं आणि त्याचे सिक्युरिटी अपडेट मी का सांभाळावेत, एवढंच माझं म्हणणं आहे. मला वाटतं ही सेटिंग डिफॉल्टच बंद हवी.

लॅबवाली
अजिबात पटलं नाही. मी शाळेची कॉम्प्युटर लॅब बघते, बारा मशीन. तुमच्यासारखाच सल्ला वाचून मी गेल्या वर्षी सगळीकडे हीच ओळ टाकली होती. मग नेटवर्कवरचा नवीन प्रिंटर आणला, शिक्षकांच्या मोबाइलवर दिसतो, लॅबमधल्या एकाही मशीनवर दिसत नाही. केबल बदलली, राउटर बंद-चालू केला, प्रिंटरवाल्याला दोनदा बोलावलं, त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. शेवटी कळलं की कप्सचा (प्रिंटिंगचं सॉफ्टवेअर) डीमन, म्हणजे मागे सतत चालणारा प्रोग्रॅम, अवाहीला फक्त रेकमेंड करतो, आणि नेटवर्कवरचे प्रिंटर शोधून देतो तो अवाहीच. एक पॅकेज टाकलं आणि प्रिंटर समोर हजर. त्यात माझा पूर्ण शनिवार गेला आणि दहावीच्या पोरांच्या प्रोजेक्टच्या प्रिंट राहिल्या त्या राहिल्याच.

डेबियनच्या पॉलिसीत रेकमेंड्सचा अर्थ असा दिलाय की एखादं वेगळंच इन्स्टॉलेशन सोडलं तर ही पॅकेजं एकत्रच असणार. मग मला सांगा, शाळेची लॅब ही वेगळी केस आहे का? पॅकेज सांभाळणारा माणूस ते सॉफ्टवेअर रोज बघतो, त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं हे मान्य करण्यात कमीपणा कसला.

घरचा_सर्व्हर
तुमचा शनिवार गेला त्याचं वाईट वाटलं, खरंच. पण सेटिंग बंद असली तरी ॲप्ट गप्प बसत नाही, एंटर मारल्यावर रेकमेंडेड पॅकेजेस म्हणून वेगळी यादी छापतं. ती वाचली असती तर अवाहीचं नाव तिथंच दिसलं असतं.

लॅबवाली
बारा मशीनवर स्क्रिप्टने इन्स्टॉल करताना ती यादी कोण वाचत बसणार?

डॉकर_पुणे
मी मधल्या रस्त्याचा. कंटेनरची (ॲप्लिकेशन वेगळं बंदिस्त चालवायची डबी) इमेज बांधताना नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स लावायलाच पाहिजे, तिथे एकेक एमबी रोज शंभर वेळा ओढला जातो. पण तो त्या एका कमांडपुरता लावतो, लॅपटॉपवर कधीच नाही. आणि कंटेनरमध्येही फटका बसतोच, बारक्या इमेजमध्ये गिट (कोड सांभाळणारं साधन) असं टाकलं की एचटीटीपीएसवरून क्लोन करताना, म्हणजे कोडची प्रत ओढताना, सर्टिफिकेटची एरर, कारण समोरचा सर्व्हर खरा आहे का हे तपासायला लागणारं सीए-सर्टिफिकेट्स हे रेकमेंड्समध्ये, एसएसएच क्लायंटसुद्धा तिथेच. आमच्याकडे नवीन आलेला प्रत्येक जण त्या एररवर एक दुपार घालवतो आणि मग कोणीतरी व्हेरिफिकेशनच बंद करायचा सल्ला देतं, तो तर फारच वाईट उपाय. माहीत असेल तर एक नाव वाढवायचं की झालं.

फेडोराकर
आमच्याकडे फेडोरात (लिनक्सचं दुसरं रूप) पण हाच वाद. डीएनएफच्या, म्हणजे आमच्या ॲप्टच्या, कॉन्फिगमध्ये इन्स्टॉल-वीक-डेप्स म्हणून सेटिंग आहे, डिफॉल्ट चालू. आर्च लिनक्सचं पॅकमन मात्र ऑप्शनल गोष्टींची नुसती यादी दाखवतं, टाकत काहीच नाही, आणि तिथली माणसं ती यादी खरोखर वाचतात. मला तीच पद्धत आवडते.

ऑटोरिमूव्हपासून_सावध
एक महत्त्वाचं. नेटवर या ओळीसोबत बऱ्याचदा दुसरी ओळ पण चिकटवलेली असते, ऑटोरिमूव्हमधलं (आपोआप आलेली, आता नको असलेली पॅकेजं काढणारी ॲप्टची कमांड) रेकमेंड्स-इम्पॉर्टंट फॉल्स. पहिलीने फक्त पुढचं थांबतं, आधी टाकलेल्याला धक्का लागत नाही. दुसरी टाकली की जे फक्त रेकमेंड्समुळे आलं होतं ते ऑटोरिमूव्ह काढायला घेतं. मोठी यादी आली आणि न वाचता वाय दाबलं तर डेस्कटॉपचं काय काय जाईल सांगता येत नाही. एपीटी-कॉन्फिग डम्प मारून आपल्याकडे नक्की काय लागू आहे ते आधी बघा, प्लीज.

जुना_डेबियनवाला
धागाकर्त्यांनी एमडीएडीएमचं उदाहरण दिलंय त्यावरच बोलतो, कारण ते त्यांच्याच विरोधात जातं. एमडीएडीएम मेल सर्व्हर का रेकमेंड करतं याचा विचार केलात का? त्याचा मॉनिटर, म्हणजे डिस्कवर नजर ठेवणारा भाग, मागे चालू असतो आणि डिस्क गेली की तो मेल पाठवतो. रेड 1 मधली एक डिस्क मेली तरी फोटो उघडतात, सगळं नेहमीसारखं चालतं, तुम्हाला पत्ताच लागत नाही. मग एक दिवस दुसरी जाते. मेलची सोय नसेल तर तुमचं रेड म्हणजे एक डिस्क आणि एक समाधान. तुमच्याकडे आज हा इशारा कसा पोहोचतो ते सांगा.

घरचा_सर्व्हर
प्रामाणिकपणे सांगतो, पोहोचत नाही. पण एक्झिम टाकून तरी काय होणार होतं? डिफॉल्टला मेल जातो रूटला (मशीनचं ॲडमिन खातं), तो पडतो त्याच मशीनच्या मेलबॉक्समध्ये, आणि तो मी वर्षात एकदाही उघडत नाही. मेल सर्व्हर नुसता आला म्हणून निरोप माझ्यापर्यंत आला असं होत नाही ना.

जुना_डेबियनवाला
बरोबर आहे, म्हणून ते पुरं करायचं असतं. एमडीएडीएमचं रेकमेंड्स नीट वाचा, तिथे डिफॉल्ट एमटीए किंवा कुठलाही मेल-ट्रान्सपोर्ट-एजंट (मेल पुढे पोहोचवणारा प्रोग्रॅम, तोच एमटीए) असं लिहिलंय. म्हणजे एक्झिमची सक्ती नाहीच. एमडीएडीएमसोबत त्याच कमांडमध्ये एमएसएमटीपी-एमटीए द्या, ती अट तेवढ्यावर भागते आणि एक्झिम येत नाही. ते छोटंसं आहे, मेल नुसता पुढे तुमच्या नेहमीच्या मेल खात्याच्या सर्व्हरकडे ढकलतं. मग एमडीएडीएमच्या कॉन्फमधल्या मेलॲडर ओळीत रूट काढून स्वतःचा पत्ता घाला. आणि एखादं पॅकेज नकोच असेल तर इन्स्टॉल कमांडमध्ये त्याच्या नावाला शेवटी मायनस चिकटवा, तेवढंच गळतं. अख्ख्या मशीनला कायमचं बंद कशाला?

लॅबवाली
हे मायनसचं माहीत नव्हतं! आमच्या स्क्रिप्टमध्ये हेच घालते.

घरचा_सर्व्हर
आत्ता करून बघितलं. एमएसएमटीपी-एमटीए टाकलं, पत्ता बदलला, मॉनिटरला वनशॉट आणि टेस्ट देऊन चालवलं, मिनिटाभरात फोनवर टेस्टमेसेजचा मेल आला, एमडी 0 चं, म्हणजे माझ्या रेडचं, नाव लिहिलेला. तीन वर्षं हे मशीन गप्प होतं. जुन्या लॅपटॉपवर जागा कमी आहे, तिथली ओळ मी ठेवणार, त्यावर माझं मत तेच आहे. सर्व्हरवरची 99 ची फाइल मात्र काढली, आणि आता तिथल्या एकेका पॅकेजचं रेकमेंड्स काय काय राहिलंय ते काढत बसलोय, यादी बरीच मोठी आहे.